महाराष्ट्राच्या ६७ खासदारांना खुलं पत्र: दहावी अनुसूची आता दुरुस्त करा

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेवर निवडून गेलेले ४८ आणि राज्यसभेवर गेलेले १९ सन्माननीय सदस्य,
संसद भवन, नवी दिल्ली

विषय: पक्षांतरबंदीच्या घटनात्मक तरतुदीत दुरुस्ती करण्याबाबत

सन्माननीय खासदार,

सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाकांवरच्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र एकत्रच लिहिते आहे, कारण मला जे मागायचं आहे ते तुमच्यापैकी कोणताही पक्ष एकट्यानं देऊ शकत नाही. २०२४ च्या निवडणुकीत सर्वांत मोठ्या पक्षाला २४० जागा मिळाल्या आणि त्याच्या आघाडीला २९३. लोकसभेचे ५४३ सदस्य हजर असतील तर घटनादुरुस्तीला दोन-तृतीयांश, म्हणजे ३६२ मतं लागतात. एकत्रित निवडणुकांचं १२९ वं घटनादुरुस्ती विधेयक १७ डिसेंबर २०२४ रोजी मांडलं गेलं, तेव्हा बाजूनं २६९ आणि विरोधात १९८ मतं पडली. विधेयक मांडायला तेवढी पुरली. मंजुरीचं मतदान असतं तर तेवढ्याच हजेरीत ३१२ लागली असती.

पुढं ऑगस्ट २०२५ मध्ये १३० वं विधेयक आलं. सलग तीस दिवस कोठडीत असलेल्या मंत्र्याला पदावरून दूर करण्याची तरतूद त्यात आहे. घटना बदलण्याची इच्छा आघाडी सरकारलाही होते, त्यासाठी वेळ मिळतो, मसुदे तयार होतात, हे या दोन विधेयकांवरून दिसलं. मग ज्या तरतुदीतल्या त्रुटींची झळ गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रानं सोसली, त्या दहाव्या अनुसूचीला, म्हणजे घटनेतल्या पक्षांतरबंदीच्या तरतुदीला, कोणी हात का लावत नाही? या दोन्ही विधेयकांत तिच्याबद्दल एक ओळही नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: आघाडीचं राजकारण आहे, सहमती होत नाही. हे उत्तर मला मान्य नाही.

मी निवृत्त शिक्षिका आहे. हायस्कूलला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं, आणि नोकरीच्या काळात निवडणुकीची ड्युटी केली, पुढं केंद्राध्यक्ष म्हणूनही. ही ड्युटी काय असते ते तुमच्या पोलिंग एजंटांना ठाऊक आहे. आदल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी यंत्रं ताब्यात घ्यायची, प्रत्येक क्रमांक कागदाशी ताडून बघायचा. रात्र शाळेच्याच खोलीत काढायची. पहाटे एजंटांसमोर अभिरूप मतदान घ्यायचं, किमान ५० मतं टाकून निकाल दाखवायचा, तो पुसायचा आणि मग सील लावून सह्या घ्यायच्या. संध्याकाळी नमुना १७-सी भरायचा. नोंदवहीत मतदार किती, यंत्रात मतं किती, याचा मेळ बसला पाहिजे. एका मताचा फरक निघाला तरी तो का निघाला हे लिहून दिल्याशिवाय कोणाची सुटका नसते. हे सगळं मी मनापासून केलं, कारण माझ्या केंद्रावर आलेल्या म्हाताऱ्या बाईचं मत आणि मंत्र्याचं मत सारखंच मोजलं जातं, हे मी वर्गात शिकवत होते.

मोजणी संपेपर्यंत राज्यव्यवस्था त्या मताचा इतका काटेकोर हिशेब ठेवते. पण त्याच मतावर निवडून गेलेला प्रतिनिधी दुसऱ्या पक्षाच्या मंत्रिमंडळात जाऊन बसला, तर त्या मताचा हिशेब कोणी द्यायचा आणि किती दिवसांत, याचं नीट उत्तर आपल्या घटनेत आज नाही. माझी तक्रार ही आहे. मी कोणाला मत दिलं ते सांगणार नाही. सांगायची गरजही नाही, कारण या बाबतीत मोठ्या पक्षांपैकी कोणाचीच पाटी कोरी नाही.

हा प्रश्न काल-परवाचा नाही, आणि त्याचा पहिला नीट अभ्यास एका महाराष्ट्रीय नेत्याच्या अध्यक्षतेखाली झाला. १९६७ च्या निवडणुकीनंतर राज्याराज्यांत संयुक्त सरकारं आली आणि पडली. हरियाणातल्या गयालाल यांच्या कोलांट्यांवरून 'आयाराम गयाराम' हा शब्दप्रयोग देशभर रूढ झाला. तेव्हाचे गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या समितीनं या सगळ्याची मोजदाद केली. पहिल्या ते चौथ्या सार्वत्रिक निवडणुकीदरम्यान मिळून साधारण ५४२ पक्षांतरं झाली होती. मात्र मार्च १९६७ ते फेब्रुवारी १९६८ या बारा महिन्यांतच किमान ४३८ झाली. त्याहून बोलका आकडा पुढचा आहे: पक्ष बदलणाऱ्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना मंत्रिपद मिळालं. पक्षांतरामागं मतभेद किती आणि मंत्रिपद किती, हे या आकड्यानं तेव्हाच सांगितलं होतं. समितीनं १९६९ मध्ये अहवाल दिला, त्यावरून १९७३ आणि १९७८ मध्ये विधेयकं आली आणि दोन्ही बारगळली. १९७८ हेच वर्ष महाराष्ट्रातही महत्त्वाचं. दोन काँग्रेसचं मिळून बनलेलं वसंतदादांचं सरकार चार महिन्यांत पडलं आणि पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं, सरकार आलं. त्याबद्दलचे वाद अजून चालू आहेत, पण तेव्हा निदान कायदा तरी नव्हता. आज कायदा आहे.

आता सहमतीच्या सबबीकडे येते.

घटनेत सर्वांत वादग्रस्त फेरबदल करणारी ४२ वी दुरुस्ती १९७६ साली झाली. तेव्हा आघाडी सरकार नव्हतं. एका पक्षाचं निर्विवाद बहुमत होतं, आणीबाणी होती आणि विरोधी नेते तुरुंगात होते. लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षं याच दुरुस्तीनं केली. ती पुन्हा पाचवर आणणारी ४४ वी दुरुस्ती जनता सरकारनं केली. जनता पक्ष नावाला एक, पण आत चार-पाच पक्षांची मोट होती, आणि राज्यसभेत तर काँग्रेसचं बळ जास्त होतं. त्यामुळे काही कलमं राज्यसभेनं नामंजूर केली, सरकारनं ती सोडून दिली आणि उरलेल्यावर दोन्ही बाजूंनी एकमत केलं. 'अंतर्गत अशांतता' हे आणीबाणीचं कारण जाऊन 'सशस्त्र बंड' आलं, मंत्रिमंडळाच्या लेखी निर्णयाशिवाय आणीबाणी जाहीर करता येईनाशी झाली, आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही असं ठरलं. आज आपल्याला जे संरक्षण आहे, ते एकमेकांवर विश्वास नसलेल्या लोकांनी वाटाघाट करून दिलेलं आहे. उद्या आपण विरोधात असू शकतो, हे ज्याला स्पष्ट दिसतं, तो नियम न्याय्य करतो. म्हणून कोणाही एकाजवळ दोन-तृतीयांश नसणं ही अडचण नाही, हीच योग्य वेळ आहे, असं माझं ठाम मत आहे.

पक्षांतरबंदीचाच इतिहास बघा. राजीव गांधींच्या प्रचंड बहुमतात, १९८५ च्या जानेवारीत, ५२ वी दुरुस्ती झाली आणि दहावी अनुसूची आली. तिच्यात एक-तृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट' मानून माफ, अशी पळवाट होती. एकट्यानं पक्ष सोडला तर गुन्हा, टोळीनं सोडला तर चालतं, ही टीका तेव्हापासूनची आहे. त्याच अनुसूचीतला न्यायालयांना दूर ठेवणारा सातवा परिच्छेद सर्वोच्च न्यायालयानं किहोतो होलोहान खटल्यात रद्द केला, कारण त्याला निम्म्या राज्यांची मान्यता घेतलीच नव्हती. एक-तृतीयांशाची पळवाट बुजवली ती २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीनं, म्हणजे वाजपेयींच्या आघाडी सरकारनं. मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणणारीही तीच. त्याआधी उत्तर प्रदेशात ९३ मंत्र्यांचं मंत्रिमंडळ होऊन गेलं होतं. आपल्या २८८ च्या विधानसभेत आज ४३ च्या वर मंत्री होत नाहीत, ते आघाडी सरकारच्या या दुरुस्तीमुळे.

पुढची कामं काय आहेत हेही आघाडी सरकारांनीच विचारून घेतलेलं आहे. राष्ट्रीय आघाडीच्या काळात, १९९० मध्ये, दिनेश गोस्वामी समितीनं सांगितलं की अपात्रतेचा निर्णय पीठासीन अधिकाऱ्याऐवजी (म्हणजे सभागृहाच्या अध्यक्ष किंवा सभापतींऐवजी) राष्ट्रपती किंवा राज्यपालांनी निवडणूक आयोगाच्या सल्ल्यानं द्यावा. वाजपेयी सरकारनं घटनेच्या आढाव्यासाठी २००० साली नेमलेल्या न्या. व्यंकटचलय्या आयोगानं २००२ मध्ये निवडणूक आयोगाचंच नाव सुचवलं. विधी आयोगानं २०१५ मध्ये पुन्हा तेच म्हटलं. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईतल्या पीठासीन अधिकाऱ्यांच्या परिषदेत आपल्याच विधानसभेच्या अध्यक्षांकडे या कायद्याच्या फेरविचाराची समिती सोपवली गेली. अभ्यासाची उणीव कुठं आहे, हे मला कोणी सांगावं.

आता तक्रारी एकेक मांडते.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार वेळेची. दहाव्या अनुसूचीत अपात्रतेच्या अर्जावर निर्णय देण्यासाठी मुदतच नाही. महाराष्ट्रात जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा काय घडलं ते सगळ्यांना पाठ आहे: सुरत, गुवाहाटी, गोवा, २९ जूनचा मुख्यमंत्र्यांचा राजीनामा आणि ३० जूनचा नव्या सरकारचा शपथविधी. फेब्रुवारी २०२१ पासून अध्यक्षपद रिकामं होतं, म्हणून अपात्रतेच्या नोटिसा उपाध्यक्षांनी काढल्या आणि उत्तरासाठी जेमतेम दोन दिवस दिले. सर्वोच्च न्यायालयाला ती मुदत १२ जुलैपर्यंत वाढवावी लागली. पुढं नवे अध्यक्ष आले आणि त्याच वादाचा निर्णय १० जानेवारी २०२४ रोजी लागला, तोही न्यायालयानं तारीख घालून दिल्यावर. एका टोकाला दोन दिवस, दुसऱ्या टोकाला दीड वर्ष. दोन्ही वेळा खुर्चीवर बसलेली व्यक्ती त्या त्या वेळच्या आपल्या बाजूची होती, आणि दोन्ही वेळा घटना गप्प होती.

मधल्या काळात, ११ मे २०२३ रोजी, पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं निकाल दिला. बहुमत चाचणीचा राज्यपालांचा आदेश योग्य नव्हता, अध्यक्षांनी नव्या प्रतोदाला दिलेली मान्यता बेकायदा होती, पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यानं जुनं सरकार परत आणता येत नाही, आणि अपात्रता अध्यक्षांनीच 'वाजवी मुदतीत' ठरवावी, असा तो निकाल. वाजवी म्हणजे किती, हे घटनेत नसल्यानं पुढं आणखी आठ महिने गेले. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये तेच घडलं, त्याचा निर्णय १५ फेब्रुवारी २०२४ ला आला. दोन्ही पक्षांत, दोन्ही गटांत, एकही आमदार अपात्र ठरला नाही. त्याविरुद्धची अपिलं प्रलंबित असतानाच विधानसभेची मुदत संपली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नवी निवडणूक झाली. निर्णय बरोबर की चूक, यावर वकिलांनी वाद घालावा. माझं म्हणणं एवढंच की सभागृहाची मुदत संपल्यावर मिळणारा न्याय मतदाराच्या कामाचा नाही.

हे महाराष्ट्रापुरतं नाही. मणिपूरमध्ये २०१७ साली काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलेले श्यामकुमार लगेच भाजप सरकारात मंत्री झाले. अर्ज वर्षानुवर्षं पडून राहिले. अखेर सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२० मध्ये त्यांना मंत्रिपदावरून दूर केलं आणि विधानसभेत पाऊल ठेवायला मनाई केली. त्याच खटल्यात, २१ जानेवारी २०२० रोजी, न्यायालयानं सांगितलं होतं की अपवाद वगळता तीन महिन्यांत निर्णय व्हावा, आणि संसदेनं निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली कायमस्वरूपी लवाद नेमण्याचा विचार करावा. तेलंगणात भारत राष्ट्र समितीचे (बीआरएस) दहा आमदार काँग्रेसकडे गेल्याचा वाद झाला. त्यातही ३१ जुलै २०२५ रोजी न्यायालयाला अध्यक्षांना पुन्हा तीन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली, आणि ही व्यवस्था आपला हेतू साधते आहे का ते संसदेनं बघावं, असं सांगावं लागलं. एका राज्यात तक्रारदार काँग्रेस, दुसऱ्यात आरोप काँग्रेसच्या बाजूवर. सर्वोच्च न्यायालय तुम्हालाच उद्देशून बोलतं आहे, आणि तुम्ही सभागृहात त्याला उत्तर दिलेलं नाही.

दुसरी तक्रार निवाडा करणाऱ्याबद्दल. अध्यक्ष सत्तारूढ बाजूच्या बहुमतावर निवडला जातो आणि तेच बहुमत त्याला काढू शकतं. निवडून आल्यावर अध्यक्षानं पक्ष सोडला तर तो अपात्र ठरत नाही, अशी खास सवलत याच अनुसूचीच्या पाचव्या परिच्छेदात आहे. ती वापरल्याचं क्वचितच दिसतं. पुढची निवडणूक त्याला पक्षाच्याच तिकिटावर लढवायची असते. अशा माणसाला स्वतःचं सरकार टिकणार की नाही, याचा निवाडा करायला लावणं हा त्याच्यावरही अन्याय आहे. लाभाचं पद घेतलं म्हणून एखादा सदस्य अपात्र ठरतो का, हे ठरवताना घटना हा मार्ग घेत नाही. तिथं अनुच्छेद १०३ आणि १९२ प्रमाणे राष्ट्रपती किंवा राज्यपाल निवडणूक आयोगाचं मत मागवतात आणि त्याप्रमाणेच निर्णय देतात. छोट्या प्रश्नाला तटस्थ निवाडा आणि सरकार पाडणाऱ्या प्रश्नाला आपल्याच माणसाचा निवाडा, ही विसंगती मला वर्गात मुलांना कधी पटवून देता आली नाही, कारण ती पटण्यासारखी नाही.

तिसरी तक्रार विलीनीकरणाची. एक-तृतीयांशाची पळवाट २००३ मध्ये बुजली, पण चौथ्या परिच्छेदातली दोन-तृतीयांशाची उरली: तेवढे आमदार दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर अपात्रता नाही. गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी, आणि नव्या विधानसभेत सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ जणांनी, भाजपमध्ये 'विलीन' झाल्याचं सांगितलं. तेलंगणात २०१९ मध्ये काँग्रेसच्या १८ पैकी १२ जणांनी टीआरएसमध्ये (बीआरएसचं तेव्हाचं नाव), तर राजस्थानात त्याच वर्षी बसपच्या सहाच्या सहा आमदारांनी काँग्रेसमध्ये. ज्यांच्यात विलीन झाले ते पक्ष वेगवेगळे, मार्ग एकच. पक्ष जागेवर, त्याचे कार्यकर्ते जागेवर, कार्यालयावरची पाटी जागेवर, आणि आमदार मात्र 'विलीन'. पक्षाचं विलीनीकरण हा पक्षाचा निर्णय असतो, तो त्याच्या आमदारांच्या गटाला परस्पर घेता येऊ नये.

चौथी तक्रार मंत्रिपदाबद्दल, आणि चव्हाण समितीच्या त्या ११६ च्या आकड्याशी तिचा थेट संबंध आहे. अपात्र ठरलेला सदस्य पुन्हा निवडून येईपर्यंत किंवा सभागृहाची मुदत संपेपर्यंत मंत्री होऊ शकत नाही, हे ९१ व्या दुरुस्तीनं घटनेत लिहिलं. चांगली तरतूद आहे. पण ती 'अपात्र ठरलेल्या' सदस्याला लागू आहे, आणि ठरवणारं कोणी नसेल तर ती कागदावरच राहते. अर्ज प्रलंबित असताना मंत्रिपद घेण्यावर कसलीच बंदी नाही. राजीनाम्याचा रस्ताही मोकळाच आहे. मध्य प्रदेशात मार्च २०२० मध्ये काँग्रेसच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले, सरकार पडलं, आणि त्यांतले काही जण आमदार नसतानाच नव्या सरकारात मंत्री झाले. सहा महिन्यांत निवडून यावं लागतं, एवढीच अट त्यांना होती. मंत्रिपद हातात असताना लढवलेली पोटनिवडणूक आणि पद सोडून मतदारांसमोर जाऊन मागितलेला कौल, या एकसारख्या गोष्टी नाहीत.

पक्षादेशाबद्दल थोडक्यात. आजच्या कायद्यानं पक्ष प्रत्येक मतदानावर आदेश काढू शकतो, आणि मोडणाऱ्याची जागा जाऊ शकते. पक्ष सोडणाऱ्याला मोकळं रान आणि पक्षात राहून एखाद्या विधेयकावर वेगळं मत देणाऱ्याला शिक्षा, हे उलटं आहे. कांद्याच्या निर्यातीवर किंवा पीकविम्यावर माझ्या खासदारानं माझ्या जिल्ह्याचं मत मांडावं, पक्षाचं नव्हे, अशी माझी अपेक्षा आहे. आदेश विश्वासदर्शक आणि अविश्वास ठराव, आणि अर्थसंकल्प यांपुरता ठेवा. गोस्वामी समितीचा रोखही याच दिशेनं होता.

आणि निवडणूकपूर्व आघाड्या. २०१९ मध्ये भाजप आणि शिवसेना एकत्र लढले, १०५ आणि ५६ जागा मिळाल्या, सरकार मात्र दुसऱ्याच जुळणीचं आलं, तेही २३ नोव्हेंबरच्या पहाटेच्या शपथविधीनंतर. कोणी कोणाला शब्द दिला होता त्यात मी पडत नाही, कारण तो शब्द मतदारांना कोणी दाखवलाच नव्हता. विधी आयोगानं १९९९ च्या १७० व्या अहवालात सुचवलं होतं की निवडणुकीआधीची आघाडी दहाव्या अनुसूचीसाठी एक पक्ष मानावी. मला ते जरा कडक वाटतं, आघाड्या मोडण्याची खरी कारणंही असू शकतात. पण आघाडीचा करार, नेतृत्व आणि सत्तावाटप यांसह, अर्ज भरण्याआधी निवडणूक आयोगाकडे दाखल करून जाहीर करणं एवढं तरी बंधनकारक व्हावं.

दोन आक्षेप मला माहीत आहेत. पहिला, निवडणूक आयोगावर सगळ्यांचा विश्वास नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह कोणाला, या निर्णयानंतर महाराष्ट्रातल्या अर्ध्या लोकांनी हेच म्हटलं. म्हणून मी आयोगाचा आग्रह धरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं सुचवलेला निवृत्त न्यायाधीशांचा लवाद चालेल, फक्त त्याच्या नेमणुकीत विरोधी पक्षनेत्याचा खरा वाटा असावा. दुसरा आक्षेप असा की इतकं बांधून टाकलं तर नकोसं सरकारही बदलता येणार नाही. येईल. पश्चिम जर्मनीत १९८२ च्या सप्टेंबरमध्ये एका घटक पक्षानं आघाडी सोडली आणि १ ऑक्टोबर रोजी सरकारप्रमुख हेल्मुट श्मिट यांच्या जागी हेल्मुट कोल आले. पण अविश्वासाबरोबरच नव्या नेत्याची निवड करणं तिथल्या घटनेत बंधनकारक आहे, सगळं सभागृहातल्या मतदानानं झालं, आणि पुढच्या मार्चमध्ये कोल मतदारांसमोर गेले. अविश्वास ठरावातच पर्यायी नेत्याचं नाव असावं, ही शिफारस व्यंकटचलय्या आयोगानंही केली आहे. सरकारं बदलावीत, पण ती सभागृहात बदलावीत, परराज्यातल्या हॉटेलात नव्हे.

एकत्रित निवडणुकांच्या विधेयकाशी याचा जवळचा संबंध आहे. त्या विधेयकानुसार सभागृह मुदतीआधी बरखास्त झालं तर नवं सभागृह उरलेल्या काळापुरतंच असेल. म्हणजे फुटाफुटीची किंमत मतदारानं दुप्पट मोजायची: एकदा सरकार गेल्याची आणि मग अपुऱ्या मुदतीच्या प्रतिनिधीची. सभागृहांना ठरलेली मुदत मिळावी असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी आधी ती मुदत मोडणारं कारण दुरुस्त करावं.

माझ्या मागण्या अशा:

१. अपात्रतेच्या अर्जावर ९० दिवसांत निर्णय बंधनकारक करा. त्या मुदतीत निर्णय न झाल्यास अर्ज आपोआप उच्च न्यायालयाकडे जावा.

२. निर्णयाचा अधिकार पीठासीन अधिकाऱ्याकडून काढून स्वतंत्र लवादाकडे द्या.

३. चौथा परिच्छेद, म्हणजे दोन-तृतीयांशाच्या विलीनीकरणाची सवलत, रद्द करा.

४. अर्ज प्रलंबित असलेल्या किंवा मुदत संपण्याआधी राजीनामा दिलेल्या सदस्यानं पुन्हा निवडून आल्याशिवाय मंत्रिपद, महामंडळ किंवा कोणतंही लाभाचं पद घेऊ नये.

५. पक्षादेश सरकारच्या अस्तित्वाचा प्रश्न असेल तिथंच लागू करा, आणि अविश्वास ठरावात पर्यायी नेत्याचं नाव बंधनकारक करा.

६. निवडणूकपूर्व आघाडीचा करार जाहीर करणं सक्तीचं करा.

आणि १९८५ मध्ये जे राहून गेलं ते या वेळी राहू देऊ नका: दुरुस्तीला राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता घ्या. लागते की नाही, यावर पुढं खटला चालवण्यापेक्षा ती आधीच घेतलेली बरी.

सरकारी विधेयक येत नसेल तर तुमच्यापैकी मंत्री नसलेलं कोणीही खासगी विधेयक मांडू शकतं. सत्ताधारी बाजूच्या एकानं आणि विरोधी बाजूच्या एकानं ते सोबत मांडलं, तर या महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत जे तुटलं त्यातलं थोडं तरी सांधलं जाईल, असं मला मनापासून वाटतं. तोवर माझी एक मागणी तुम्हाला एकट्यानंही पुरी करता येईल. वरच्या सहा मागण्यांपैकी कोणत्या तुम्हाला मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का, हे पुढचं अधिवेशन सुरू होण्याआधी तुमच्या मतदारसंघात लेखी जाहीर करा. राज्यसभेच्या सदस्यांनी ते आपल्याला निवडून देणाऱ्या आमदारांना लिहावं. पक्षाची भूमिका मला नको आहे, ती मी वाचली आहे. तुमचं नाव आणि तुमची सही असलेलं उत्तर हवं आहे, म्हणजे पुढच्या वेळी मत देताना मला ते समोर ठेवता येईल.

कळावे,

आपली,
एक निवृत्त शिक्षिका आणि मतदार